बिडाचा सपाट तवा, वांग्याचे काप आणि साडेबाराचा डबा

लातूरच्या गंजगोलाईतून घेतलेल्या एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्याबद्दल लिहितेय. त्याच्यावर कुठल्या कंपनीचा शिक्का नाही, सोबत खोका नाही, वापरायची पुस्तिका नाही. बारा इंची, सपाट, दोन बाजूंना दोन कान, वजन तीन किलोच्या आतबाहेर. किलोवर तोलून विकतात. मला साडेसातशेला पडला. ऑनलाइन याच मापाचे, तेल लावून तयार केलेले तवे दीडपट-दुप्पट किमतीला दिसतात.

पाचपैकी चार गुण देते. एक का कापला ते पुढं येईलच.

आधी माझी कसोटी सांगते, कारण ती तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते. ट्यूशन एरियाच्या मागच्या गल्लीत मी घरीच डबे करते. नीटची तयारी करायला आलेल्या मुली आहेत सगळ्या, कुणी परभणीची, कुणी हिंगोलीची, एकदोघी पार बुलढाण्याच्या. सकाळी अकराला डबा भरायला सुरुवात होते, साडेबारा-एकला तो उघडतो. मधल्या वेळात फिजिक्सचा तास असतो. त्यामुळं तव्यावरून उतरलेला काप किती कुरकुरीत लागतो याला माझ्या लेखी किंमत नाही. गरम असताना कुणाचाही काप कुरकुरीतच लागतो. दीड तास डब्यात बंद राहून, वरणभात आणि भाकरीच्या शेजारी बसून, त्याची कड दाताखाली वाजते का, हा माझा प्रश्न. मुली फार स्पष्ट असतात. "काकू, आज काप मऊ पडले" हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय.

खरं तर वांग्याचे काप हा आमच्याकडचा जुना पदार्थ नाही. माझं माहेर निलंगा तालुक्यातलं. तिथं वांगं म्हणजे एकतर शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला भरून केलेलं, नाहीतर भाजून केलेलं भरीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवेद दाखवला की वांग्याचा हंगाम खऱ्या अर्थानं सुरू व्हायचा. चकत्या करून तव्यावर परतणं हे कोकण-मुंबईकडचं, रवा लावून माशासारखं करायचं. ते लातुरात आलं आणि डब्यांच्या धंद्यात घट्ट बसलं, कारण एका मोठ्या वांग्यात चार मुलींचं तोंडीलावणं होतं आणि ज्या पोरी वांग्याच्या भाजीकडं बघत नाहीत त्याही काप मागून घेतात. मी फक्त रव्याच्या जागी ज्वारी आणली.

बिडाच्या तव्याच्या आधी मी नॉनस्टिक वापरत होते. त्याला मी वाईट म्हणणार नाही, डोशाला अजूनही तोच काढते. पण कापाला लागते ती पहिल्या क्षणाची आच. वांग्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. गार चकत्या एकदम सात-आठ टाकल्या की पातळ तव्याचं तापमान धाडकन खाली येतं, पाणी सुटतं, आणि काप तळायच्या ऐवजी स्वतःच्याच वाफेत शिजतात. वरचं पीठ ओलं होऊन चिकटतं. नॉनस्टिक रिकामा ठेवून खूप तापवावा म्हणाल तर तेही करता येत नाही. त्या थराचं २६० अंशांच्या पुढं विघटन सुरू होतं आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथं पोचायला फार वेळ लागत नाही. म्हणून तर विकणारे मध्यम आच सांगतात.

कढईत भरपूर तेलात तळले तर कुरकुरीत होतात, पण वांगं आतून स्पंजाचं. कच्चं असताना ते तेल पिऊन घेतं आणि शिजून खचलं की थोडं परत सोडतं. ते सोडलेलं तेल डब्यात उतरतं, भाकरीला लागतं, वहीला लागतं. शिवाय तेलाचा खर्च. भाकरीचा पत्र्याचा तवा बरा, पण तो खोलगट. तेल सगळं मध्ये गोळा होतं. मधला काप पोहतो आणि कडेचे कोरडे करपतात.

भाच्यानं पुण्याहून एअर फ्रायर आणून दिला होता. दोघांच्या घराला तो चालेल, मी नाव ठेवणार नाही. तेलाचा हात पुसून, एका थरात मांडून, १८० अंशांवर पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटे केले, तर कड छान वाळते. पण बसतात पाच नाहीतर सहा काप. मला पंचवीस-तीस डबे भरायचे असतात. आणि त्यातून निघालेला काप गार झाल्यावर वातड होतो, चावताना ओढावा लागतो. वारा लागून वाळणं वेगळं आणि तापलेल्या धातूला टेकून पापुद्रा धरणं वेगळं. तो फ्रायर आता पापड भाजायला आहे.

आता दुकान. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्याला आत वळून भांड्यांची दुकानं आहेत. मी गेले ते दुकान अरुंद आणि खोल. दर्शनी भागात स्टीलचे डबे, लग्नातल्या आहेराची पितळी भांडी, वर टांगलेल्या झाऱ्या. बीड सगळं मागं, जमिनीवर, एकावर एक. दुकानदार वयस्कर, सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मीही म्हणाले.

"अप्पा, सपाट द्या. भाकरीचा नको."

"डोशाला का ताई?"

"वांग्याच्या कापाला."

त्यांनी एकदा चष्म्यावरून बघितलं आणि पोऱ्याला मागं पाठवलं. इथं एक गोष्ट आवडली: पाच-सहा तवे बाहेर काढून फरशीवर मांडू दिले, कुरकुर केली नाही. बिडाचा तवा न निवडता घेऊ नये. हा ओतीव असतो, वाळूच्या साच्यात ओततात, त्यामुळं प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो. मी काय बघितलं ते लिहिते. तवा कानाला धरून लोंबकळता ठेवायचा आणि उलथन्यानं हलकेच वाजवायचा. नाद लांबला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे. मग फरशीवर सुलटा ठेवून चारही बाजूंनी दाबायचा, डुगडुगला तर नको, विशेषतः घरी इंडक्शन असेल तर. स्टीलची पट्टी आडवी धरून खालून उजेड दिसतो का बघायचं. शेवटी जुना सुती रुमाल तव्याच्या तोंडावरून फिरवायचा. धागे ओढले गेले की समजायचं तिथं खरबरीत आहे. थोडं खरबरीत सगळेच असतात, पण सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर त्यात पीठ जाऊन बसतं आणि जळतं.

अप्पांनी वजन करताना एक वाक्य टाकलं, "यात केलं की लेकरांचं रक्त वाढतं बघा." लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरतं हे खरं. पण ते जास्त उतरतं आंबट आणि पातळ पदार्थात, बराच वेळ शिजवल्यावर. कोरडा काप सात मिनिटं टेकतो तव्याला, त्यात काय उतरणार? त्या कारणासाठी तवा घेऊ नका. आणि ज्या आंबट पदार्थात लोह उतरेल ते पदार्थ या तव्यावर केले की त्याचा काळा थरच निघून जातो. म्हणजे हौस एकच पुरी होते.

काळ्या थराबद्दल जरा बैजवार लिहिते, कारण तवा आवडला-नावडला याचं निम्मं कारण तिथं आहे. दुकानातून येतो तेव्हा त्याच्यावर गंज लागू नये म्हणून काहीतरी काळपट तेलकट फासलेलं असतं. ते गरम पाणी, साबण आणि काथ्यानं पुरतं काढायचं. एरवी बिडाला साबण लावू नका म्हणतात, पहिल्या दिवशी मात्र हात आखडू नका. खरबरीत जागी पाण्याचा पॉलिश पेपर फिरवला तर आणखी चांगलं. मग गॅसवर ठेवून अगदी कोरडा करायचा. कोमट असताना तेलाचं बोट फिरवायचं आणि फडक्यानं असं पुसायचं की लावलेलं सगळं परत काढून घेतोय. जाड थर राहिला की तो चिकट होतो, हाताला लागतो, आणि मग लोक म्हणतात तवा वाईट. पातळ थर धूर सुटून शांत होईपर्यंत तापवायचा, निववायचा, पुन्हा लावायचा. असे चार-पाच हात झाले की करड्या रंगाचा तवा तपकिरी होत काळा पडतो. शेवटी अर्धा कांदा काट्याला टोचून मीठ आणि तेलासकट घासते मी, तो आईचा रिवाज.

तेल कुठलं? इथं आपल्या मराठवाड्याचं नशीब चांगलं आहे. तापवल्यावर सुकून कडक पापुद्रा धरणारी जी तेलं असतात, त्यात जवस पहिलं आणि करडई जवळपास. म्हणून तर ही तेलं रंग-रोगणाच्या कामाला वापरतात. जवसाचा थर सुरेख चकाकतो, पण पुढं खपल्या धरून निघतो असं मला दिसलं. करडईचा टिकला. वडिलांच्या रानात करडई असायची, काटे लागू नयेत म्हणून पायाला कापड गुंडाळून काढणी करायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी कुसुम' हा वाण तेव्हा गावोगाव माहीत होता. आता जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, करडईचं तेल घाण्यावर जाऊन आणावं लागतं आणि ते महाग पडतं. तव्याला लावायला मात्र लागतं किती? एक पाव वर्षभर पुरेल. एक लक्षात ठेवा, घाण्याचं कच्चं तेल लवकर धुरावतं. तवा माखायला ते उत्तम, काप तळायला मी रिफाइंडच वापरते.

आता काप.

भरताची मोठी वांगी घ्यायची, पण हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकी लागतील अशी. जड वांग्यात बी जास्त. देठ हिरवा आणि साल ताणलेली हवी. काटेरी लहान वांगी यासाठी नकोत, चकत्या कुणाच्या पुरणार? चकती अर्धा सेंटिमीटर जाड. त्याहून पातळ केली तर काप पापडासारखा होतो, वांगं लागतच नाही. जाड केली तर आत मऊ लगदा राहतो आणि तोच लगदा डब्यात वाफ सोडून बाहेरचं सगळं मऊ करतो. कापल्याबरोबर मीठ लावून चाळणीत तिरपी उभी करते. पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत भाजीला ठीक, काळी पडू नयेत म्हणून. कापाला पाणी आत घालायचं नसतं, बाहेर काढायचं असतं. वीस-पंचवीस मिनिटांत चाळणीखाली तपकिरी पाणी जमतं. मीठ पाणी ओढतं तेव्हा वांग्यातली हवेची भोकं दबतात, आणि भोकं दबली की तेल प्यायला जागा राहत नाही. मग सुती पंच्यात दोन-दोन चकत्या दाबून घ्यायच्या. हे काम कंटाळवाणं आहे. माझ्या मदतीला येणारी बाई रोज विचारते, "हे केलंच पाहिजे का ताई?" केलंच पाहिजे.

पीठ: दोन वाट्या ज्वारीचं, जरा जाडसर दळलेलं, एक वाटी तांदळाचं, अर्धी वाटी जाड रवा. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं ते त्याच कारणानं, नाहीतर थापताना तुटते. तोच भाकरीतला अवगुण इथं गुण. गव्हाचं पीठ लावलेला काप गार झाला की कातड्यासारखा होतो, ज्वारीचा खुसखुशीत राहतो. बेसन मी लावत नाही. बेसनाचं आवरण भज्याला, गरम गरम खायला. मसाल्यात तीन चमचे लाल तिखट, एक चमचा हळद (वसमतची मिळाली तर रंग बघा), दोन चमचे धनेपूड, चिमूटभर हिंग, चुरडलेला ओवा, मूठभर तीळ आणि अर्धा चमचा आमचूर. काळा मसाला अर्धाच चमचा. तो आधीच भाजलेला असतो, तव्यावर परत भाजला की कडू होतो, आणि मग मुली म्हणणार करपलं. पिठात मीठ नाही, चकत्यांना लागलेलं पुरतं. लसणाची गोळी वाटून लावू नका. ओलसर लसूण तव्याला चिकटून काळा होतो आणि पुढच्या सगळ्या घाण्यांना वास लागतो. लसूण हवाच तर कोरडी चटणी डब्यात वेगळी. आमच्या तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं कोळ लावायचा मोह मलाही होतो. पण ओल आणि आंबट, दोन्ही या तव्याचे वैरी. चिंच आमटीत घाला.

पिठात घोळवलेल्या चकत्या लगेच तव्यावर टाकायच्या नाहीत. ताटात पाच मिनिटं पडू द्यायच्या, मग वांग्याच्या उरल्यासुरल्या ओलीनं पीठ धरतं आणि उलटताना सुटत नाही.

तवा गॅसच्या मोठ्या बर्नरवर, मध्यम आचेवर, सात-आठ मिनिटं रिकामा. घाई करू नका. बीड उष्णता हळू पसरवतं. मोठ्या आचेवर ठेवलात तर मध्ये जळजळीत आणि कडेला कोमट असा तवा मिळतो. पाण्याचा थेंब टाकून बघायचा. जागीच चरचरून आटला तर थांबा. थेंबाची गोळी होऊन तव्यावर पळायला लागली की आच थोडी कमी करून तेल सोडा, घाण्याला दोन मोठे चमचे. बारा इंचात सात काप मोकळे बसतात, आठवा कोंबला की एकमेकांना घाम येतो.

आणि मग हात लावायचा नाही. चार मिनिटं. या तव्याची सगळी करामत या चार मिनिटांत आहे. गार चकत्या पडल्यावर पातळ तवा दम सोडतो, हा सोडत नाही. तीन किलो लोखंडात साठलेली आच आहे ती. चर्र आवाज सुरुवातीला येतो तसाच शेवटपर्यंत येत राहतो. कानानं कळतं. पापुद्रा झाला की काप आपण होऊन तवा सोडतो. उलथनं घातलं आणि अडकलं तर उलटू नका, अर्धं मिनिट थांबा. उलटल्यावर कडेनं एक चमचा तेल, आणखी तीन मिनिटं. रंग विटेसारखा यायला हवा, पिवळट नाही.

दोन घाण्यांच्या मध्ये तव्यावर पिठाची जी कणी राहते ती सुती फडक्यानं पुसून घ्या, फडकं चिमट्यात धरून. हे सोडलं तर तिसऱ्या घाण्याचे काप काळे ठिपके घेऊन निघतात आणि दोष मिठाला, तिखटाला, वांग्याला जातो.

डब्याचं तंत्र वेगळंच आहे. उतरवलेले काप वर्तमानपत्रावर टाकू नका, शाई लागते हे एक, आणि खालच्या बाजूला वाफ कोंडून तीच बाजू मऊ पडते हे दुसरं. मी पुऱ्यांची मोठी जाळी पातेल्यावर आडवी ठेवते आणि त्यावर काप एका थरात पसरते, पंख्याखाली. पूर्ण गार, अगदी गार झाल्याशिवाय डबा भरायचा नाही. काप तीन मजली डब्याच्या वरच्या कप्प्यात, खाली-वर साधा पांढरा टिश्यू, आणि भात कधीही त्याच्या थेट खाली नाही. झाकण किंचित सैल. आधीच्या तव्यावर हे सगळं करूनही काप मऊ पडायचे. या तव्यावरचे कडेला वाजतात आणि मध्ये मऊसर पण कोरडे असतात. एकदम तव्यावरच्यासारखे राहतात असं सांगणार नाही, राहत नाहीत. पण "आज काप मऊ पडले" हे वाक्य बंद झालं. एका मुलीनं तर आईला फोनवर सांगितलं आणि त्या माऊलीनं मला पिठाचं प्रमाण विचारलं.

चातुर्मासात काही मुली वांगं खात नाहीत, वारकरी घरातल्या आहेत. कांदेनवमीला शेवटचे काप, मग एकदम चंपाषष्ठीनंतर. त्या दिवसांत कच्च्या केळ्याचे आणि सुरणाचे काप याच तव्यावर होतात. केळ्याचे तर वांग्यापेक्षा सोपे, पाणीच सुटत नाही. सुरण आधी चिंचेच्या पाण्यात उकडून, नीट कोरडा करून. बटाट्याला हा तवा वाया घालवू नका.

आता कापलेला एक गुण. वजन! रोज सकाळी तीन किलोचा तापलेला तवा उचलणं चेष्टा नाही. माझं मनगट धरतं. कान आखूड आहेत, जाड फडकं घेतलं तरी बोटं तव्याच्या कडेपर्यंत जातात, आणि कान तव्याइतकेच तापतात. ओतणाऱ्यानं ते बोटभर लांब ठेवले असते तर काय बिघडलं असतं? साठीच्या पुढच्या बायकांनी, किंवा ज्यांचं मनगट आधीच दुखतं त्यांनी दहा इंची घ्यावा आणि घाणे वाढवावेत. आणि हा ठिसूळ असतो. जड म्हणजे मजबूत असं नाही. फरशीवर पडला तर पोचा येत नाही, तुकडा पडतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर तडा जातो, मदतीच्या बाईला मी हे रोज बजावते. पावसाळ्यात रात्रीत तांबूस गंज धरतो. गंज आला म्हणून टाकून देऊ नका, घासून परत तेलाचे दोन हात दिले की झालं. पण ज्यांना भांडं घासून ओलंच रॅकवर ठेवायची सवय आहे, त्यांच्या घरी या तव्याचे हाल होतील.

धुण्याचं म्हणाल तर उलट सोय आहे. रोज गरम असतानाच पुसला, कधी अडकलंच तर खडेमीठ टाकून घासला, पुसला, तेलाचं बोट फिरवलं. पाणी वाटीभरही लागत नाही. २०१६ च्या एप्रिलात या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी तो उन्हाळा इथं काढला त्यांना पाण्यावाचून साफ होणाऱ्या भांड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

गॅस जास्त जातो का, हे दोघी-तिघींनी विचारलं. पहिली सात-आठ मिनिटं रिकामा तापतो, तेवढा गॅस जादा. चार काप करायचे असतील तर हे परवडत नाही, सरळ आहे. पाच-सहा घाणे काढायचे असतील तर मध्ये आच वाढवावी लागत नाही आणि शेवटचा घाणा गॅस बंद करूनही निम्मा होतो. म्हणून दोघांच्या घरात रोजच्या वापराला हा तवा मी सुचवणार नाही, पाहुणे-रावळे असलेल्या घराला सुचवेन. खानावळीला तर नक्कीच.

दुकानाबद्दल एवढंच राहिलं की पावती मागितली तर मिळते, न मागता मिळत नाही. घासाघीस फारशी चालत नाही, वजनाचा माल आहे. तडा गेलेला निघाला तर बदलून देऊ असं अप्पा तोंडी म्हणाले, तशी वेळ अजून आलेली नाही. पुढं मांडलेले असतात ते खोलगट, भाकरीचे. सपाट आणि दहा इंची मागच्या खोलीत असतात, मागितल्याशिवाय काढत नाहीत. सकाळी अकराच्या आत गेलात तर पोऱ्या मोकळा असतो आणि पाच-सहा नग बाहेर काढून मिळतात. संध्याकाळी लग्नसराईची गर्दी असते, तेव्हा हाताला येईल तो घ्यावा लागतो. जाताना पट्टी आणि जुना रुमाल पिशवीत टाका.